दोघांच्या फोटोपुढची शेवंती

आमच्याकडे फूल म्हटलं की ते देवाला, डोक्यात नाहीतर मढ्यावर. चौथी जागा नाही. बरणीत पाणी घालून त्यात फुलं उभी करायची आणि जाता-येता नुसती बघायची, हे खूळ एकट्या माझं. माहेरी कुणाला नव्हतं, सासरी असण्याचा प्रश्नच नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेली, नगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच उरलो, तेव्हा कधीतरी ते लागलं आणि मग काही केल्या सुटेना.

खूळ तसं स्वस्तातलं, हं. आमच्या चौकातल्या सुपरमार्केटमध्ये बिलाच्या काउंटरशेजारी एका बादलीत फुलांच्या जुड्या ठेवलेल्या असतात. रविवारी दुपारनंतर राहिलेल्या जुड्या अर्ध्या किमतीत काढतात. शेवंती, ॲस्टर, निशिगंध, कधी माना टाकलेले जरबेरा. मी त्याच घेते. बाजारात हारवाल्यांकडे जायची सोय नाही, कारण तिथे फुलं वजनावर मिळतात, देठ खुडलेली. एकदा मी एका हारवाल्या बाईंना म्हणाले, "देठासकट द्या ना." तर त्या म्हणाल्या, "देठाची काय भाजी करता का, बाई?" शेजारी उभ्या असलेल्या दोघी फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून आपलं सुपरमार्केट बरं.

घरी आणल्यावर जुडी सोडायची. पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकायची, नाहीतर दोन दिवसांत पाण्याला वास मारतो. देठ तिरके कापायचे, पाण्यात चिमूटभर साखर टाकायची. बरणीचं तोंड मोठं असलं तर त्यावर चिकटपट्टीची जाळी करायची, म्हणजे फुलं एका बाजूला लवंडत नाहीत. हे सगळं मी मोबाईलवर बघून शिकले. बरणी म्हणजे लोणच्याचीच, आतून घासून घासून वास घालवलेली. नवरा सोफ्यावरून विचारायचा, "झालं का प्रदर्शन? चहाचं काही बघणार का आज कुणी?" मी म्हणायचे, "थांबा, अजून एक फूल तोंड फिरवून बसलंय." तो अर्धा-पाऊण तास माझा असायचा. तेवढ्यात कुणी मध्ये आलेलं मला चालायचं नाही.

चालायच्या त्या फक्त आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. गाव आमचं सोनईजवळ. आत्या नगरला आल्या की ओट्याशेजारी पाटावर बसून माझे कापलेले देठ गोळा करायच्या. "देवाला न्हाई, कशाला न्हाई, आन तरी बघितलं का बरं वाटतं गं," असं म्हणायच्या. सासू म्हणून त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत. त्या गेल्या वर्षी गेल्या. आजारी पडल्या आणि आठवड्याभरात गेल्या. मी माझ्या आईसाठी रडले नव्हते तेवढी त्यांच्यासाठी रडले.

मामांचं आणि माझं मात्र कधी जमलं नाही. भांडण नव्हतं, भांडायला आधी बोलावं लागतं. इतक्या वर्षांत त्यांना माझ्याकडून काही हवं असेल तर ते आत्यांना सांगायचे आणि आत्या मला सांगायच्या. मी समोर उभी असले तरी. आणि आत्यांवर ते ओरडायचे. भाजीत मीठ कमी पडलं, ओरडले. टॉवेल जागेवर नाही, ओरडले. आत्या आतल्या आत हसून म्हणायच्या, "ओरडू दी, आवाज हाय तवर बरं हाय." मला ते हसणं कळायचं नाही. मला वाटायचं, या माणसाने हिला जन्मभर एक दिवस सुखाचा दिला नाही.

आत्या गेल्यावर मामा गावी एकटेच राहिले. भावकीतल्या घरातून डबा यायचा. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. नवऱ्याने त्यांना नगरला आणलं आणि एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर धूळ नको, थेंब वेळेवर घाला. नवरा मला हळूच म्हणाला, "महिना कशाला, आता इथंच ठेवून घेऊ. गावी एकटं कसं राहायचं त्यांनी?" एकुलता एक मुलगा, त्याने असं म्हणायला काहीच गैर नव्हतं. मी म्हणाले, "बघू." माझं बघू म्हणजे नाही, हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं.

खरं सांगू? मामांनी मला कसलाही त्रास दिला नाही. आज शांतपणे बसून आठवलं तर एक धड तक्रार सापडत नाही. हॉलमध्ये त्यांची कॉट टाकली होती. पहाटे उठून खोकायचे. शनिशिंगणापूरच्या शेजारचं गाव, दाराला कडी लावायची सवय कमीच. आमचं पुढचं दार दिवसभर सताड उघडं ठेवायचे आणि मी येऊन धाडकन लावायचे. अंथरुणाची घडी स्वतः घालायचे. चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवायचे. ती नीट निघायची नाही. मग मी ती परत घासायचे आणि घासताना भांडी आपटायचे. डोळ्यावर काळा चष्मा लावून कॉटवर बसलेल्या माणसाला ऐकू जावं म्हणूनच आपटायचे, उगाच खोटं कशाला बोलू!

दुपारचे थेंब मी घालायचे. ते मान मागे टाकायचे, मी दोन बोटांनी पापणी वर धरायचे. "झालं का गं?" "झालं." एवढंच आमचं बोलणं. पण आत्यांच्या मध्यस्थीशिवाय झालेलं हे आमचं पहिलंच बोलणं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यांना येऊन दोनेक आठवडे झाले असतील. रविवार होता. नवऱ्याच्या कंपनीतले एक जण बायकोला घेऊन सहज चहाला येणार होते. मी दुपारी चौकात गेले, तर बादलीत नुसती पांढरी शेवंती शिल्लक. दोन जुड्या उचलल्या. घरी आले तेव्हा नवरा दूध आणायला खाली उतरला होता आणि मामा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी स्वयंपाकघरात गेले, बरणी काढली आणि बहिणीला फोन लावला. हात ओले, म्हणून फोन डब्याला टेकवून स्पीकरवर टाकला. दर रविवारी आमचं असंच चालतं. मी देठ कापते, ती तिकडे भाजी निवडते.

तिने विचारलं, "अजून किती दिवस आहेत गं सासरे?"

मी म्हणाले, "कसले दिवस न् कसलं काय! एकदा आले ते आले. आता डोळे लख्ख होतील आणि माझ्या हॉलमध्ये खोकत बसतील जन्मभर."

ती हसली. कुणी हसलं की मला चेव येतो, हा माझा लहानपणापासूनचा दोष. मी म्हणाले, "चुकीचं माणूस गेलं बघ. यांनी जायचं आणि आत्यांनी राहायचं, असं व्हायला पाहिजे होतं."

"अगं, हळू बोल," बहीण म्हणाली.

"झोपलेत ते," मी म्हणाले आणि पुढचा देठ कापला.

बस, एवढंच. बोलून मी ते विसरलेसुद्धा. दुसऱ्याच विषयावर गेलो आम्ही.

फुलं छान जमली होती त्या दिवशी. उंच मागे, ठेंगणी पुढे, मधूनमधून हिरवी पानं. बरणी एरवी टीव्हीच्या शेजारी असते. तिथे मामांची औषधं, थेंबांच्या बाटल्या, चष्म्याचं घर आणि टोपी मांडलेली होती. पाहुणे जिन्यात आले असतील म्हणून घाई झाली. शोकेसच्या मधल्या फळीवर जागा दिसली, तिथे ठेवून दिली. हॉलला औषधाचा वास येत होता म्हणून उदबत्ती लावली आणि तिचं घर बरणीशेजारीच टेकवलं. मागे कोणता फोटो आहे, हे मी बघितलं नाही.

मागे आत्या-मामांचा फोटो होता. आमच्या लग्नात काढलेला. मामांचा गुलाबी फेटा, आत्यांचं हिरवं लुगडं, आणि कॅमेरावाला जणू त्यांच्या उसात शिरलाय अशा नजरेने दोघंही त्याच्याकडे बघतायत. आत्यांचा एकटीचा फोटो गावाकडच्या घरात आहे, त्याला हार आहे. आमच्याकडे हा दोघांचाच. आत्या गेल्यावर नवऱ्याने मला विचारलंही होतं, "याला हार घालायचा का?" मी त्याला झापलं होतं, "काहीतरीच काय! मामा आहेत ना त्यात." म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही.

पाहुणे आले. त्या बाई सालस, देवभोळ्या. चप्पल काढली आणि आत येताच त्यांची नजर शोकेसकडे गेली. पांढरी फुलं, उदबत्तीचा धूर, मागे म्हातारा-म्हातारी. त्या सरळ पुढे गेल्या, डोळे मिटले, हात जोडले. मग वळून मला म्हणाल्या, "दोघंही लागोपाठच गेले म्हणायचे की हो! तुमच्या सासूबाईंचं कळलं होतं, यांचं नव्हतं कळलं."

त्यांच्या नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. दुधाची पिशवी हातात घेऊन दारात उभा असलेला माझा नवरा तिथेच थांबला.

आणि कोपऱ्यातल्या कॉटवरून आवाज आला, "एक राह्यलाय अजून."

मामा बोलले ते! काळा चष्मा, डोक्याला रुमाल, मांडी घालून बसलेले. बाईंनी बघितलं, जीभ चावली, "अगं बाई!" करत पदर तोंडाला लावला. मग मामाच हसले. मोठ्याने हसले. ते हसल्यावर नवरा हसला, पाहुणे हसले, मीही हसले. मी धावत जाऊन उदबत्ती विझवली आणि बरणी उचलून स्वयंपाकघरात नेली. बाई मामांच्या पाया पडल्या. मामा म्हणाले, "आयुष्य वाढलं माझं, दुसरं काय न्हाई." चहा झाला, चिवडा झाला, पाहुणे गेले. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंघोळ करून, टोपी घालून, पिशवी भरून बसलेले. माझी नणंद जामखेडला दिलेली आहे, तिच्या नवऱ्याचं तिथे कापडाचं दुकान आहे. जावई सोमवारी माल घ्यायला नगरला येतात. मामांनी त्यांना फोन करून जाताना घ्यायला बोलावलं होतं.

नवरा म्हणाला, "आबा, हे काय?"

मामा म्हणाले, "जित्या मानसाच्या फोटोफुडं फुलं ठिवली, उदबत्ती लावली. माझ्या मनाला लागलंय त्ये. आता हितं न्हाई मन रमायचं."

मी रडायलाच लागले. खोटं नाही, खरंच रडले. "मामा, चुकून झालं हो! माझं लक्षच नव्हतं."

"चुकूनच झालं," ते म्हणाले. "तुला बोल न्हाई लावत मी. पन माझं मन तसलं हाय, त्याला मी काय करू?"

नवऱ्याने हात जोडले, आवाज चढवला, पिशवी ओढून घेतली. काही उपयोग झाला नाही. जावई आले आणि मामा त्यांच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून गेले.

हे किती मोठं झालं, ते बाहेरच्याला चटकन कळायचं नाही. आमच्यात बाप लेकीच्या घरी राहायला जात नाही. पाहुणा म्हणून जेवेल, एखादी रात्र टेकेल. राहायला गेला म्हणजे मुलाने टाकला, असाच त्याचा अर्थ. गावाकडून फोन सुरू झाले. चुलत सासरे म्हणाले, "नगरात घर आसून म्हातारा लेकीच्या दारात?" नवरा फोन खाली ठेवायचा आणि गॅलरीत जाऊन उभा राहायचा. पहिल्या दिवशी त्याने ती बरणी उचलून अख्खी शेवंती कचऱ्याच्या डब्यात ओतली. नंतर त्याचा राग माझ्यावरून मामांवर गेला. "अमावास्येला विहीर खणायला घेतलेला माणूस हा! कधी शकुन-अपशकुन मानला नाही. आणि आता दोन फुलांवरून घर सोडतो?"

तो हे म्हणाला की मी विषय बदलायचे. कारण माझ्याही मनात तेच यायचं आणि त्याच्या पुढचंही. मामा खरंच झोपले होते का? स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये आमच्याकडे दार नाही, नुसता पडदा आहे. कॉटवर बसून बघितलं असतं, कुणाला तरी आत बोलायला लावलं असतं, तर एका मिनिटात कळलं असतं. मी नाही बसले. मला ते कळायला नको होतं. फुलांची चूक बरी होती. ती कुणालाही सांगता येत होती. शेजारणीला सांगितली, बहिणीला सांगितली, सगळ्या म्हणायच्या, "अगं, तुझा काय दोष? म्हातारी माणसं असतातच तशी." मला तेवढंच ऐकायचं असायचं.

शेवटी मीच म्हणाले, मी जाते आणि घेऊन येते त्यांना. नवरा म्हणाला, "मी नाही येणार. तुझ्यामुळे गेले, तू आण." एका सकाळी मी जामखेडची एसटी धरली. खिडकीबाहेर आधी ऊस दिसत होता, मग तूर, मग नुसता माळ. मी मनात बोलणं जुळवत होते. पाया पडायचं, चुकले म्हणायचं, फुलांचं नाव काढायचं आणि पिशवी उचलायची.

नणंदेने दार उघडलं. "या वहिनी," म्हणाली आणि पाणी दिलं. एरवी गळ्यात पडते. दुकानाच्या मागेच त्यांचं घर. मामा मागच्या पडवीत बसले होते. डोळा चांगला झाला होता, चष्मा काढला होता. कॉटच्या अगदी कडेला बसले होते, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं तसे. पिशवी भरलेलीच कॉटखाली होती. खुंट्या रिकाम्या होत्या तरी सदरा पिशवीतच घडी करून ठेवलेला. तिथे नणंदेच्या सासूबाईही असतात. त्या आतून कुणाला तरी सांगत होत्या, "पंखा बंद करा कुनीतरी, लाईटबिल येतंय." पंखा मामांच्या डोक्यावर होता. मामा उठले आणि त्यांनी बटण बंद केलं. टॉवेल जागेवर नाही म्हणून ओरडणारा हा माणूस, इथे असा बटण शोधत होता!

मी पाया पडले. "मामा, घरी चला. फुलांचं माझ्या डोक्यातच नव्हतं हो, देवाशपथ. घाईत ठेवली गेली."

ते नणंदेला म्हणाले, "वहिनीला च्या टाक." ती आत गेली.

"फुलांचं काय न्हाई गं," ते म्हणाले. "मी काय फुलांना भितो व्हय?"



"डोळं गेल्तं माझं. कान हाईत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं तरी ओरडणारा माणूस, आणि हे सांगताना आवाज एवढासा. "तू बहिनीला बोलत हुतीस त्ये समदं ऐकू आलं. झोप न्हवती लागली."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तू खोटं न्हाई बोलली," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटतं. रोज वाटतं. म्या जायाला पायजे हुतं, ती ऱ्हायला पायजे हुती. ती तुमच्यात मिसळून ऱ्हायली आसती. तुझ्या फुलांपाशी बसली आसती. मला न्हाई जमत तसलं. मला तिच्याबिगर मानसाशी बोलताच येत न्हाई."

आत कपबश्यांचा आवाज येत होता.

"पन तुझ्या तोंडून ऐकल्यावर, तुझ्याच हातची भाकर रोज कशी मागायची, सांग. तोंड उघडंना माझं."

मी त्यांच्या पायांपाशी खाली बसले आणि रडले. बाहेर दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून तोंडात पदर धरून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. त्यांना येतच नाही ते. "ऊठ, ऊठ, कुनी बघंल," एवढंच म्हणत राहिले.

मग मी विचारलं, "मग यांना फुलांचं का सांगितलंत?"

"मग काय खरं सांगू?" पहिल्यांदाच जरा ओरडले ते. "त्याला खरं सांगितलं आसतं तर तुमच्यात कायमचं बिनसलं आसतं. आईवर लई जीव हुता त्याचा, पन बापावरबी हाय. त्यानं तुला माफ न्हाई केलं आसतं. फुलांचं म्हनलं का काय, म्हातारा येडा हाय म्हनंल, चार दिस तणतणंल, गप बसंल. तूबी सांगू नको. तुला सांगतो, अजाबात सांगू नको."

"तरी चला ना, मामा. मी परत कधी..."

"आता न्हाई गं. दुसरा डोळा झाला का गावाकडं जाईन. घर हाय की माझं." गावाकडे म्हणजे एकटे, भावकीच्या डब्यावर. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. नणंद चहा घेऊन आली आणि मामा तिला म्हणाले, "फुलांचंच बोलत हुतो. न्हाई बसत माझ्या मनात, काय करायचं?" नणंदेने माझ्याकडे बघितलं आणि बापाकडे बघून कपाळाला हात लावला. मी चहा घेतला. कसा होता, आठवत नाही.

परतीच्या एसटीत मी ठरवलं, सांगायचं. काय व्हायचं ते होऊ दे. शिव्या देईल, बोलणं टाकेल, माहेरी जा म्हणेल, ऐकून घ्यायचं. मी वाक्यसुद्धा ठरवलं होतं. "मामा फुलांमुळे नाही गेले, माझ्या बोलण्यामुळे गेले." एका वाक्याचं काम, पण ते दहा वेळा तोंडातल्या तोंडात घोळवलं. शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, "काय म्हणालात?"

घरी पोचले. नवरा जागेवरून उठला, माझ्या मागे दाराकडे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"नाही आले?"

"नाही."

"काय म्हणाले? अजून तेच? फुलंच?"

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी त्याच्याकडे बघितलं. महिन्याभरात त्याचा चेहरा उतरून गेला होता. मला भीती वाटली. त्याची नाही, माझीच. यानंतर तो माझ्याकडे कसा बघेल, याची.

"हो," मी म्हणाले. "फुलंच."

तो मटकन सोफ्यावर बसला. "हेकट आहे म्हातारा! पहिल्यापासून हेकट. आईलासुद्धा असंच छळलं जन्मभर. तू एवढी त्या जामखेडला जाऊन पाया पडलीस, त्याचीही किंमत नाही. राहू दे मग त्यांना तिकडे. मी नाही आता फोन करणार. दिवाळीलासुद्धा नाही बोलावणार, सांगून ठेवतो."

आताही बोलता आलं असतं. तो श्वास घ्यायला थांबला होता. मी चपला काढल्या, पर्स जागेवर ठेवली.

"जाऊ द्या हो," मी म्हणाले. "वय झालंय त्यांचं."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते त्याचे. "तू आहेस म्हणून समजून घेतेस," तो म्हणाला.